मोडलेला धवला

"वहिनी, हात बघा," म्हणत तो उजवा हात माझ्या नाकापुढे धरायचा. हात लटलट कापत असायचा. "कापतोय ना? मग जमणार." वाजवायला उभं राहण्याआधी हे ठरलेलंच. भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण भीती अशी रेशनकार्डासारखी काढून दाखवणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. शहापुरात आमचा तिघांचा रॉक बँड होता. गिटार त्याची, म्हणजे ह्यांच्या मित्राची, ड्रम आमच्या ह्यांचे आणि गळा माझा. मी पदर खोचून, काळा गॉगल लावून इंग्रजी गाणी म्हणायचे. अर्थ मला कळायचा नाही आणि शब्द ऐकणाऱ्यांना कळायचे नाहीत, त्यामुळे कुणाची फसवणूक होत नव्हती. नातवंडं हे ऐकून लोळतात. लोळू देत.

सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, मिळवायची त्याची एक रीत होती. मुरबाडच्या भातगिरणीवर जाऊन बसायचं. ज्याची गाडीभर पोती एकदम भरडायला आली, त्याच्या घरी लग्न. "काका, बेंजो ठरला का?" तो विचारायचा. गिटार आणा नाहीतर तोफ आणा, लोकांच्या लेखी सगळा बेंजोच. असंच करून शेणव्याच्या पलीकडच्या एका गावातली हळद मिळाली. आमची पहिली सुपारी.

"वहिनी, इथं जमलं तर शहापूर-मुरबाड दोन्ही तालुके आपले. नाय जमलं तर गिटार माळ्यावर."

मांडवात धवलारीण बसली होती. लग्नातले विधी गाण्यातून करणारी ही म्हातारी. तिचा धवला, म्हणजे ते विधीचं गाणं, संपेपर्यंत मांडवात कुणी चढा आवाज करत नाही. डोळे मिटून ती गात होती. गाता गाता पान दाढेखाली सरकवायला थांबली. त्याला वाटलं, संपलं. त्याने स्पीकरचा कान पिळला आणि सगळ्या तारा एकदम छेडल्या.

हळदीची वाटी कलंडली.

"धवला मोडलास ना रे मेल्या!" म्हातारी किंचाळली. नवरीच्या आईने तोंडाला पदर लावला. नवरीचे काका उठले. आमचे हे ड्रमच्या मागे दडले आणि मी, गॉगलवाली रॉकची महाराणी, भाताच्या कणगीमागे जाऊन उभी राहिले.

तो मात्र म्हातारीसमोर जाऊन बसला. "आये, चुकलो. पयल्यापासून म्हन."

"म्हनते. पन मोडला तो मोडला. पोरीला काय झाला ना, तर तुझ्या माथी."

सगळ्या मांडवाने ते ऐकलं. दोन्ही तालुक्यांनी ऐकायला फार दिवस लागले नाहीत. सुपाऱ्या गेल्याच.

तरी तो गिरणीवर जातच राहिला. आता लग्नाचं विचारत नव्हता. त्या बाजूचं कुणी दिसलं की जवळ जायचा. "ती पोर बरी हाय ना?" दिवाळीत तिला ताप आला, तर याच्या घशाखाली घास उतरेना. मीही कमी नव्हते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळं धरलं. उरलेल्या वारी भीतीनेच जेवण जात नव्हतं.

"भावजी, असल्या गोष्टींवर तुमचा विश्वास आहे?" मी एकदा विचारलं.

"नाय, वहिनी. पन तिला काय झालं तर बसेल."

पुढच्या वर्षी तिचे दिवस भरले. बाळ अडलं म्हणून तिला जीपमधून शहापूरच्या दवाखान्यात आणलं. सकाळीच तो आमच्या दारात उभा. तोंड राखेसारखं आणि गळ्यात गिटार. का आणली, त्यालाही सांगता येईना. नातेवाइकांसमोर जायची दोघांचीही छाती नव्हती, म्हणून दवाखान्याच्या मागे, तिच्या खोलीच्या खिडकीखाली भिंतीला टेकून बसलो.

आतून ती ओरडली की तो तारा धरायचा. विजेशिवाय त्या गिटारीला आवाज तो काय! काड्यापेटीत भुंगा कोंडावा तेवढा. तोच एक तुकडा पुन्हा पुन्हा.

"थांबा हो जरा," मी म्हटलं.

"थांबलो तर उलटी होईल."

मग आतलं ओरडणंच थांबलं. मी त्याच्याकडे बघेना, तो माझ्याकडे बघेना. मी येतील त्या देवांची नावं पुटपुटू लागले. तो मात्र वाजवतच होता.

आणि बाळ रडलं. नर्सबाईंनी मागच्या दारातून डोकावून सांगितलं, "दोघंही बरी आहेत. तुम्ही कोण?" उत्तर द्यायच्या आत त्याला उलटी झालीच.

त्यानंतर पुन्हा बोलावणी येऊ लागली. धवलारणीने स्वतः "वाजव रे आता" म्हटल्याशिवाय तो तारेला बोट लावत नसे. मग डीजेचे खोके आले आणि आम्हाला कुणी विचारेना. तो कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर लागला, तिथून घाट चढून कुठे गेला, कळलं नाही.

बऱ्याच वर्षांनी ती हळदीची नवरी शहापूरच्या बाजारात भेटली. सोबत तेव्हाचं ते बाळ, आता तिच्या खांद्याला लागलेला मुलगा.

"मावशी, ते गिटारवाले मामा कुठं असतात गो?"

"नाही गं माहीत."

"त्या दिशी खिडकीतून ऐकू येत होता. जाम भिऊन वाजवीत होते." ती हसली. "मला वाटला, माझ्यापेक्षा जास्त भ्यालेला कोनतरी बाहेर हाय. मग मला धीर आला."

घाटापलीकडचं कुणी भेटलं की मी अजून चौकशी करते. एवढं त्याला सांगायचं राहिलं आहे.