प्रिस्का जीपखाली शिरते

प्रिस्काचा नवरा जेम्स वारल्यापासून त्याची जीप राजोडीच्या वाडीत, केळींच्या सावलीला उभी होती. सुरू व्हायची, पण जरा पुढं गेली की खालून नुसता खडखडाट. मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, गेलेला. धाकटा दीर वॉल्टर म्हणाला, "वहिनी, विकून टाक. रविवारी गिऱ्हाईक आणतो."

"तोवर मी दुरुस्त केली तर ठेवणार," प्रिस्का म्हणाली. वॉल्टर हसला. हसू दे मेल्याला! जेम्सनं उभा जन्म जीपखाली घालवला, तेव्हा टॉर्च कुणी धरला होता? टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं. लायसन्ससुद्धा काढलं होतं तिनं, पण जेम्सनं स्टिअरिंगला कधी हात लावू दिला नाही. "तुझ्याच्यानं नाही व्हायचं," म्हणायचा. माणूस देवासारखा, पण हे तिला जन्मभर डाचलं.

शनिवारी चाकांना दगड लावले, गोणपाट अंथरलं आणि बाई खाली शिरली. शाफ्ट पुन्हा तसाच बसावा म्हणून नेलपॉलिशच्या खुणा केल्या, बोल्ट सोडले, शाफ्ट बाहेर काढला. धुण्याच्या दगडावर हातोडीनं हळूहळू ठोकत जुना क्रॉस निघाला. नव्या क्रॉसच्या चार टोकांवरच्या टोप्यांपैकी तीन सरळ बसल्या. चौथी मात्र पुरती आत जाईना, अन् ती आत गेल्याशिवाय तिला अडवून धरणारा कडीचा लॉक लागेना. हात शिवशिवत होते, हाणावा एक घाव! पण घाईनं घात होतो. तिनं टोपी परत काढली, मुठीत धरली आणि जीपखालच्या गारव्यात जरा आडवी झाली.

केळीच्या पानांतून ऊन हलत होतं. कुठूनसा सुकटीचा वास येत होता. डोळा कधी लागला, कळलंच नाही. समुद्र वाडीत आला होता, गुडघाभर, कोमट. त्यावर जीप होडीसारखी डुलत होती. स्टिअरिंगवर जेम्स. त्यानं प्रिस्काकडं पाहिलं आणि बाजूला सरकला. नुसती जागा करून दिली. किती बरं वाटलं तिला! जागेपणी कधी सरकला नव्हता हो तो.

जाग आली तरी पाणी अंगाखाली हलतंय असंच वाटत होतं. त्याच तंद्रीत तिनं टोपीत डोकावून पाहिलं. आत कडेनं रांगेत उभ्या असलेल्या बारीक लोखंडी सुयांपैकी एक तळाशी आडवी पडली होती. "अगं बया, तू होय!" ग्रीस लावून तिला इतरांच्या रांगेत उभी केली. टोपी गुमान आत गेली, लॉक टिचकन लागला. मग नेलपॉलिशच्या खुणा जुळवून शाफ्ट परत चढवला, बोल्ट आवळले.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून वॉल्टर गिऱ्हाईक म्हणून गोखिवऱ्याच्या संग्रामला घेऊन आला, तर जीप वाडीत फेऱ्या मारत होती. प्रिस्का घामाघूम, गिअर कुरकुरत होते, पण खडखडाट? नाव नको! वॉल्टरचं तोंड बघण्यासारखं झालं.

संग्राम पुढं धावला. "काकी, आवाज गेला? मग मी घेतोच!"

"आवाज गेला, मग मी देऊ कशाला?"

तिचे डोळे भरून आले होते. ते तिनं पुसलेही नाहीत.

"वॉल्टर, उभा काय राहिलास? फाटक उघड."