हात न सोडणारी काजळी

१२ मार्च १९७३ रोजी दानीएल गायकवाडांनी कारखान्याचे एकशे अठ्ठावीस रुपये वाचवले. नागापूरच्या त्या कारखान्यात टॉर्चचे सेल बनत. सेलच्या मसाल्यात वीज खेळती ठेवायला महागडी काजळी लागे. स्टोअरकीपर दानीएलांनी तिच्याऐवजी दळलेला कोळसा आणला. काळं ते काळंच, असा त्यांचा हिशेब.

मसाला कालवणारी छबूबाई म्हणाली, "सायेब, काजळी सात पान्यानं धुतली तरी हात सोडत न्हाई. ही एका पान्यात गेली."

"मग साबण वाचला की तुझा."

त्या सेलांवर टॉर्च मिणमिणू लागले. कालवण्यात कसूर केली म्हणून मालकांनी छबूबाईचे सहा रुपये कापले. तिनं दानीएलांकडे पाहिलं. ते स्टॉकबुकात डोकं घालून बसले.

पुढल्या खेपेला त्यांनी गुपचूप काजळीच मागवली. छबूबाई समोरून आली की ते अजून वाट बदलतात. तिचे सहा रुपये दिलेले नाहीत.