साडूंनी नाकारलेली फुलं

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात ज्यांना ज्यांना नकार कळवला, त्या सगळ्यांना एका मांडवाखाली जेवायला बसवायचं म्हटलं, तर सोलापूरचं होम मैदान अपुरं पडेल. यात नुसती लग्नाची स्थळं आली असं समजू नका. मिक्सर, पंखे, एक-दोन दातांचे डॉक्टर, आंब्याच्या असंख्य पेट्या आणि गच्चीवरची पाण्याची टाकी, या सगळ्यांना त्यांनी आधी पाहिलं, चौकशी केली, 'कळवतो' म्हणून निरोप घेतला आणि मग रीतसर नकार दिला. रीतसर म्हणजे फोन करून. वस्तू पसंत नसली की आपण दुकानातून मुकाट्यानं बाहेर पडतो. साडूंना हा शुद्ध अडाणीपणा वाटतो. "त्यो बिचारा आशेवर बसला आसंल की!" म्हणतात, आणि घरी येऊन दुकानदाराला फोन लावतात. "नमस्कार. सकाळी पंखा बघून गेलो न्हाय का, त्यो मी. आमच्याकडनं नकार हाय. राग मानू नका. योग जुळावा लागतो, त्यो काय आपल्या हातात आस्तोय व्हय?" समोरचा बहुधा 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवतो. नवी पेठेतल्या कितीतरी दुकानांत मी त्यांच्या शेजारी, पण तोंड रस्त्याकडे करून उभा राहिलो आहे. आम्ही दोघं एकत्र आलेलो नाही असं लोकांना वाटावं, एवढाच माझा माफक प्रयत्न असतो. तो कधी साधत नाही, कारण मधेच ते मोठ्यानं हाक मारतात, "पाव्हणं, तुमाला काय वाटतं?"

साडू मूळचे नातेपुत्याकडचे. उभी नोकरी कुर्डुवाडीला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली, आणि निवृत्त झाल्यावर सोलापुरात आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर येऊन राहिले. हाकेच्या अंतरावर हे मी सवयीनं लिहिलं, पण त्यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. पार्सल ऑफिसानं त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. माल फुटका निघणार हे धरूनच पेटी उघडायची ही एक, आणि माल कुठून आला हे कळल्याशिवाय ताब्यात घ्यायचा नाही ही दुसरी. त्यामुळे भेटेल त्याला पहिला प्रश्न मूळ गावाचा. एकदा कूलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाचं गाव, मामाचं गाव आणि बहिणीचं सासर इतकं खोलात जाऊन विचारलं की तो पाना खाली ठेवून म्हणाला, "काका, माझं लग्न झालंय." मला हसावं की स्वयंपाकघरात पळावं ते कळेना. साडूंना त्यात गमतीचं काही वाटलं नाही. "झालं का? मग काय इलाज न्हाय," म्हणाले.

या चौकशीचा फटका बसला तो त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, म्हणजे आमच्या भाचीला. सांध्यांचे आणि स्नायूंचे व्यायाम करून घेण्याचं, म्हणजे फिजिओथेरपीचं शिक्षण तिला साडूंनी मोठ्या हौसेनं दिलं, आणि मग तिच्यासाठी स्थळं बघायला बसले ते बघतच बसले. एकाच्या घराला पश्चिमेचं दार, एकाची आत्या फार बोलते. एक मुलगा सगळ्यांना पसंत होता, भाचीला तर मनापासून. पण चौकशीत असं निघालं की त्याच्या आजोबांनी कोणे एके काळी नातेपुत्याच्या बाजारात शेळीच्या सौद्यावरून साडूंच्या चुलत्याशी भांडण काढलं होतं. झालं. "आमच्याकडनं नकार हाय, राग मानू नका." मुलाकडच्यांनी राग मानला नाही. मुलीनंही मानला नाही. तिनं पुण्यात त्याच मुलाशी नोंदणी करून लग्न केलं आणि वडिलांना फोनवर कळवलं. त्या दिवशी साडू फोनवर जे बोलले ते साधारण सगळ्या गल्लीनं ऐकलं. "तुझं तोंड बगायचं न्हाय मला," हे त्यातलं शेवटचं वाक्य. त्यानंतर बाप-लेकीत बोलणं नाही. आमची मेव्हणी, म्हणजे माझ्या बायकोची अक्का, अधूनमधून गुडघे दाखवायला म्हणून पुण्याला जात असे. गुडघे कोणाला दाखवले, हे साडूंनी कधी विचारलं नाही. जिन्याच्या कठड्याचं मूळ गाव विचारणारा माणूस, पण हे विचारलं नाही.

तर या वर्षी आमच्याकडे भाचीचं आमंत्रण आलं. अक्षय तृतीयेला पुण्यात ती स्वतःचं क्लिनिक सुरू करणार होती. मावशीला आणि काकांना बोलावलं होतं. आईला तर काय, गुडघे होतेच. वडिलांचं नाव आमंत्रणात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी साडू आमच्याकडे आले, पाणी प्यायले, आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर भिंतीकडे बघत म्हणाले, "पाव्हणं, ते मोबाइलवरनं फुलं पाटवत्यात, ते कसं काय आस्तंय?" मी म्हटलं, "कुणाला पाठवायची?" तर म्हणाले, "मी नुसतं इचारतोय." माझी बायको आतून ऐकत होती. तिनं चहात दुप्पट साखर घातली.

मग सुरू झालं फुलांच्या कंपन्यांचं स्थळ बघणं. एक कंपनी त्याच दिवशी पोचवू म्हणायची, एक मध्यरात्रीही पोचवू म्हणायची. (ही त्यांनी चारित्र्याच्या मुद्द्यावर लगेच बाद केली.) एकीचे गुलाब फोटोत ताटाएवढे दिसायचे, तर एक फुलांबरोबर केकही घ्यायला लावायची. "हुंड्यागत," साडू म्हणाले. फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता. "फोटो समदेच चांगले काडत्यात. परत्यक्ष बगाय पायजे." आता प्रत्यक्ष बघायचं तर फुलं मागवायला हवीत, स्वतःच्या घरी मागवली तर अक्काला कळणार, म्हणून ती यायची आमच्या घरी, माझ्या नावानं. आणि सोबतच्या कार्डावर काय लिहायचं ते साडूंना उमगत नसल्यामुळे ते कंपनीनं तयार ठेवलेल्या मजकुरांतला पहिला दाबून मोकळे व्हायचे. तेव्हा एका रविवारी सकाळी मी बनियनवर दार उघडलं, आणि लाल गुलाबांचा गुच्छ घेऊन आलेल्या माणसानं मोठ्यानं माझं नाव घेऊन विचारलं, "तुम्हीच का?" फुलं मिळाल्याचा पुरावा म्हणून त्यानं माझा बुकेसकट फोटो काढला. पहिला हलला म्हणून दुसरा काढला. समोरच्या ब्लॉकमधले सगळे गॅलरीत येऊन बघत होते. कार्डावर इंग्रजीत 'लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, माझ्या प्राणप्रिये' असा मजकूर आणि खाली साडूंचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. बायको ते कार्ड घेऊन शेजारणीकडे गेली ती संध्याकाळीच परतली. मी पुढे आठवडाभर दूध आणायला मागच्या फाटकानं जात होतो.

साडूंना मात्र फुलांखेरीज काही दिसत नव्हतं. पाकळी चिमटीत धरायची, देठ नखानं दाबून बघायचा, बुके उलटा करून बुडाशी काय लपवलंय ते तपासायचं, सगळं पार्सल ऑफिसच्या शिस्तीत. आणि मग कस्टमर केअरला फोन. त्या बिचाऱ्या मुली म्हणायच्या, "सर, तुमची काही तक्रार आहे का?" हे म्हणायचे, "तक्रार न्हाय बाई. नकार हाय." शेवटी तीन कंपन्यांची फुलं त्यांना अगदी एकाच वळणाची वाटली आणि ते मुळाशी गेले. मुळाशी, म्हणजे मला घेऊन नवी पेठेजवळच्या एका म्हाताऱ्या फुलवाल्याच्या दुकानात. तो हार ओवता ओवता हसला. "साब, तीनों के फुलां मेरेइच दुकान से जाते. कागद अलग, फुलां एकच." साडू पायरीवर मटकन बसले. एकाच घरातली तीन मुलं तीन आडनावांनी दाखवावीत, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "दाजी, पण पाठवायची आहेत पुण्याला. सोलापूरची फुलं तपासून काय उपयोग?" मी पुण्याचं नाव घेतलं आणि ते पायरीवरून उठून स्कूटरकडे चालू लागले. कान लाल झाले होते. परतताना मी स्कूटर चालवत होतो आणि ते मागे बसून एक शब्द बोलले नाहीत, हे पहिल्यांदाच घडलं.

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी ते पुन्हा आले. एक कंपनी पसंत पडली होती. पुण्याचा पत्ता माझ्या बायकोनं घातला, फुलंही ठरली, फक्त कार्डाची चौकट रिकामी होती. तिच्यात ते बोटानं काहीतरी लिहायचे आणि पुसायचे. त्यांचं लिहिणं दिसू नये म्हणून मी वर्तमानपत्र वर धरून बसलो. मग त्यांनी नेहमीसारखा कस्टमर केअरला फोन लावला. त्यांना स्पीकर बंद करता येत नाही. "बाई, एक इचारायचं हुतं. पोरीला... म्हंजे आपलीच पोरगी, आपण तिला वाईट बोललोय, तर तिला कुटलं फूल देत्यात?" पलीकडची मुलगी हळूच म्हणाली, "सर, सॉरी नावाचा एक विभाग आहे, त्यात बघा." त्यांनी तो उघडला. त्यात सगळी फुलं प्रेयसीसाठी होती, बदामाच्या आकाराचे फुगे आणि कापसाचं अस्वल. साडूंनी मोबाइल पालथा ठेवला. "ह्यात बापाचं काय न्हाय," म्हणाले. माझ्या हातातलं वर्तमानपत्र मला खाली घेता येईना. महिनाभर मी आणि बायको रात्री जेवताना त्यांच्या नकला करून हसत होतो, आणि मला त्या वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तोच नंबर लावला. "मघाशी बोललो त्यो मी. आमच्याकडनं नकार हाय, बाई. तुमचा दोष न्हाय."

अक्षय तृतीयेला पहाटे माझी बायको आणि अक्का आधीच्या गाडीनं पुढं गेल्या होत्या. मी स्टेशनवर पोचलो तर साडू पुठ्ठ्याचं खोकं घेऊन उभे. निशिगंध, शेवंती आणि थोडे गुलाब, ओल्या गोणपाटात गुंडाळून आत बसवलेले. खोक्याला हवेसाठी भोकं, आणि वरून सुतळी अशी आवळलेली, की पार्सल ऑफिसात शिकलेला माणूसच तशी गाठ मारू जाणे. "मी वर येनार न्हाय," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "तुमी द्या. कंपनीकडनं आली म्हणा." गाडीत ते खोकं मांडीवरून त्यांनी खाली ठेवलं नाही. पण वैशाखातलं ऊन कोणाचं ऐकत नाही. भिगवण गेलं तेव्हा मला शेवंतीच्या माना पडलेल्या दिसल्या. त्यांनाही दिसल्या असणार. दर स्टेशनावर खोकं माझ्या मांडीवर देऊन ते उतरत आणि पाणी आणून शिंपडत होते, आणि डब्यातले लोक विचारत होते, "काका, कुणाकडे कार्य आहे का?" त्यावर ते नुसती मान हलवायचे.

क्लिनिक पहिल्या मजल्यावर होतं. साडू रस्त्याच्या पलीकडे एका चष्म्याच्या दुकानाच्या सावलीत थांबले, आणि मी खोकं घेऊन वर गेलो. टवटवीत बुक्यांची नुसती रांग लागली होती तिथं. मी खोकं भाचीच्या हातात दिलं आणि ठरल्याप्रमाणे म्हणालो, "एका कंपनीकडून आलंय." एवढा निर्लज्ज खोटेपणा मी आयुष्यात केला नव्हता, कारण माझा शर्ट पुढून गोणपाटाच्या पाण्यानं भिजला होता. तिनं सुतळीची गाठ बघितली. बराच वेळ बघत राहिली. अक्का पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळली.

"काका, बाबा कुठं उभे आहेत?" भाचीनं विचारलं.

मी तिच्यामागून खाली उतरलो. साडूंनी आम्हाला येताना पाहिलं आणि चष्म्याच्या दुकानाची पाटी अशी मन लावून वाचायला घेतली, जणू उद्या तिची परीक्षा होती.

"बाबा, ऊन लागतंय."

"न्हाय, न्हाय. पाव्हण्यांचं काम हुतं हिकडं." ते पाटीकडेच बघत होते. "फुलं पोचली का?"

"पोचली."

"ताजी हायती का?"

"थोडी कोमेजलीत."

"हां. ह्या कंपन्यांचा भरवसा न्हाय."

कोणीच हसलं नाही. मी तर माझ्या चपलांकडे बघत होतो. त्या दोघांच्या मध्ये आपण नसतो तर फार बरं झालं असतं, एवढं एकच माझ्या मनात होतं.

"वर येता?" ती म्हणाली.

"आज नको. गाडी हाय. परत येतो कंदी तरी."

ती "या," म्हणाली, आणि वर पाहुणे खोळंबले होते म्हणून परत गेली.

परतीच्या गाडीत आम्ही दोघंच होतो. बायका रात्री थांबून येणार होत्या. दौंड मागं पडेपर्यंत साडू खिडकीबाहेर बघत बसले होते. शेजारी एक गृहस्थ होते, त्यांचं गावही त्यांनी विचारलं नाही. मग एकदम माझ्याकडे वळले.

"पाव्हणं, जाताना काय म्हनली ती?"

"या म्हणाली."

"तुमी ऐकलं नव्हं?"

"ऐकलं की, दाजी."

"नुसतं म्हनायचं म्हणून, का मनापास्नं?"

आता मी काय सांगणार? तिचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. ज्या क्षणी कोणीतरी साक्षीला हवं होतं, त्या क्षणी मी लाजेनं मान खाली घालून उभा होतो. मी म्हटलं, "मनापासून."

साडूंनी मान डोलावली. साध्या पंख्याची चार ठिकाणी चौकशी करणारा माणूस, त्यानं माझं एकट्याचं ऐकलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. पण कुर्डुवाडी येईपर्यंत अधूनमधून ते वळून तेच विचारत राहिले, आणि मी दर वेळी तेच सांगत राहिलो.