गळ्यातलं कार्ड

कर्वेनगरच्या थांब्यावर मी कंपनीच्या बसची वाट बघायचो, तेव्हा एक आजोबा आधीच बाकावर बसलेले असायचे. ते वाकून माझ्या गळ्यातल्या कार्डावरचा फोटो बघायचे, मग माझा चेहरा, आणि गंभीरपणे म्हणायचे, "ठीक आहे. जा."

महिनाभराने मी विचारलंच, "आजोबा, ही रोजची तपासणी कशासाठी?"

"आमच्या मिशनच्या शाळेतल्या बाईंची व्हायची, तशी. बाई जर्मन. लढाई सुरू झाली आणि इंग्रज सरकारला त्यांचा संशय यायला लागला. रोज चौकीवर जायचं आणि फोटो दाखवायचा. आम्ही पोरं सोबतीला जायचो. हवालदार फोटो बघायचा, चेहरा बघायचा आणि मग हळूच विचारायचा, 'बाई, आमची पोरगी सतराचा पाढा म्हणते का?'"

"मग?"

"मग एके दिवशी त्यानेच बाईंना पुरंदरावरच्या नजरकैदेच्या छावणीत पोचवलं. ट्रंक मात्र स्वतः उचलली."

तेवढ्यात बस आली. दिवसभर कामात माझं लक्ष लागेना.

दुसऱ्या दिवशी गडबडीत मी कार्ड घरीच विसरलो. आजोबांनी माझा रिकामा गळा पाहिला आणि बाकावर सरकून जागा केली.

"आज सुटलात वाटतं. बसा."

"बाई सुटल्या का हो?"

"सुटल्या की, लढाई संपल्यावर. पण सरकारने त्यांना परस्पर जर्मनीच्या बोटीत बसवून दिलं. वर्गात काही येऊ दिलं नाही."

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"सतराचा पाढा मला अजून अर्धाच येतो."