अजेयच्या गाडीची चाकं

विनायकराव ताम्हणकर बँकेच्या बदलीवर कलकत्त्यात आले आणि इथलेच होऊन गेले. भाजीवाल्याशी ते अस्सल बंगालीत हुज्जत घालतात. पण दसरा जवळ आला की आतला मराठी माणूस उठून बसतो. दसऱ्याला नवी वस्तू घरात यायलाच हवी, गाडीला झेंडूची माळ पडायलाच हवी. आणि दर वर्षी ते हमखास विसरतात, की इथे दसऱ्याला काही मिळत नाही. दुर्गापूजेची षष्ठी लागली की दुकानदार मंडपात आणि दुकानाला कुलूप, ते थेट कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतर उघडायचं.

यंदाही पंचमीला सकाळी देवांना गंध लावता लावता त्यांना एकदम आठवलं. अरे, चाकं राहिलीच की!

गाडी अजेयची, त्यांच्या मुलाची. सॉल्ट लेकला नोकरी करत असताना हौसेनं घेतलेली, लाल, बुटकी, दोनच माणसांची. पत्नी श्यामलाबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "ही गाडी आहे की घसरगुंडी? आत बसायचं म्हणजे आधी लोळण घ्यायची!" पुढे अजेय मेलबर्नला गेला, मग श्यामलाबाईही देवाघरी गेल्या, आणि घरात विनायकराव आणि ही गाडी एवढीच उरली. दर रविवारी ते तिला आंघोळ घालायचे आणि वसाहतीला एक फेरी मारून आणायचे, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. बाकीचं सगळं अजेय आला की. पडदे अजेय आला की, त्याच्या खोलीला रंग अजेय आला की. पण उभ्या उभ्या टायरना भेगा पडल्या होत्या, आणि भेगाळलेल्या टायरची पूजा करायची हे काही त्यांच्या मनाला पटेना.

जपून जपून गाडी चालवत ते एस्प्लनेडजवळच्या टायरच्या दुकानात पोहोचले. मालक हालदारबाबू आवराआवर करत होते. विनायकरावांनी फोनमधला फोटो पुढे धरला. जाण्याआधी अजेयनं पाठवलेला. काळीभोर मोठी चाकं, त्यावर अगदी पातळ टायर. खाली लिहिलेलं, 'बाबा, एक दिवस हे लावणार आपण.'

"अठरा इंची! आहेत ना!" हालदारबाबू खुलले. "तुमचं नशीब बघा काका, चार चाकांचा एकच संच शिल्लक आहे. गाडी नुसती नवरी दिसेल."

विनायकरावांनी टायरच्या बाजूवर बोटं ठेवून पाहिली. "रबर एवढंच? खड्ड्यात गेली तर?"

"रिम वाकेल. पण पोरं कुठे ऐकतात! स्टाइल पाहिजे. घरी सोळा इंची घेऊन जाल तर मुलगा म्हणेल, बाबांनी गाडीला म्हाताऱ्याच्या चपला घातल्या."

"सोळाला रबर जाड येतं ना?"

"येतं की. पाणी साचू दे, ट्रामचे रूळ असू देत, निवांत जाईल. पण ते ज्याला रोज चालवायची त्याच्यासाठी." हालदारबाबूंनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "चालवणार कोण, ते सांगा. मी लगेच बसवतो."

साधा प्रश्न. विनायकरावांनी फोनमधला फोटो पुन्हा एकदा पाहिला. "मुलाला विचारतो," म्हणत ते फुटपाथवर आले.

मेलबर्नला संध्याकाळ झाली होती. अजेयनं लगेच फोन उचलला.

"अरे, तुझी ती काळी चाकं मिळालीत. बसवू ना? डिसेंबरात येशील तेव्हा—"

"कोणती चाकं, बाबा?"

विनायकरावांनी फोटोची आठवण दिली.

"अरे बापरे, ते! तुम्ही अजून ठेवलाय?" अजेय हसला. मग जरा थांबला. त्याचं मराठी असं थांबलं की हिंदीकडे घसरतं. "बाबा, डिसेंबर इस बार मुश्किल आहे. आम्ही ना, गाडी बुक केली. सात सीटवाली. ऋताला लाल नको होती, पांढरी घेतली. तुम्ही आला तर सगळे बसू."

"सात?"

"हां. मोठी घेतली. इथे राहायचंच आहे तर..."

"बरं केलंस," विनायकराव म्हणाले. "सूनबाईला आशीर्वाद सांग. नव्या गाडीला नारळ फोडा, विसरू नका."

फोन बंद झाला. समोरच्या मंडपात ढाकवाले आपले मोठे ढोल वाजवून बघत होते. देवाकडे विनायकरावांनी आजवर एकच मागणं मागितलं होतं, अजेय घरी परत येऊ दे. ते आता कसं मागावं, त्यांना कळेना.

आत येऊन ते म्हणाले, "सोळा बसवा. जाड रबराची."

"आणि मुलगा?"

"मी चालवणार."

हालदारबाबूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि चेष्टा गिळून जॅक मागवला.

परतताना रस्ता माणसांनी तुंबला होता. गाडी इंचाइंचानं सरकत होती. नवे टायर खड्ड्यांवरून अलगद उतरत होते. एका सिग्नलला नवे कपडे घातलेलं एक कुटुंब खिडकीशी वाकलं. त्यातली मुलगी आजोबांना हाक मारावी तशी म्हणाली, "दादू, गाडीबरोबर एक फोटो काढू? तुमचीच ना?"

"हो," विनायकराव म्हणाले. "माझीच."

फोटो काढून ती माणसं गर्दीत मिसळून गेली. सिग्नल हिरवा झाला. विनायकरावांनी शेजारच्या सीटवर ठेवलेली, वाटेत घेतलेल्या पूजेच्या झेंडूची पिशवी जरा आत सरकवली आणि गाडी पुढे घेतली.