गोलरेषेचा चुना

कॉलनीत झाडांच्या बुंध्यांना चुना लावायला घेतला, की त्या ओल्या वासाबरोबर मला हायकोर्टासमोरची चहाची टपरी आठवते. घमापुरातल्या आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर एका बिल्डरने हक्क सांगितला होता आणि त्या दिवशी कोर्टाचा आदेश येणार होता. आम्ही सगळे क्लबच्या पिवळ्या जर्सी घालून टपरीपाशी ताटकळत होतो. माझा दादा क्लबचा गोलकीपर. संध्याकाळच्या मॅचसाठी तो सकाळीच मैदानावर रेषा आखून आला होता. नखांत चुना तसाच होता. "काहून इतकी घाई केली?" मी विचारलं. "आखलेलं मैदान कोणी हिसकावत नाही," तो म्हणाला. तेवढ्यात आमचे वकील बाहेर आले. "स्टे मिल गया! निकाल लागेपर्यंत मैदान जसं आहे तसंच राहील." आम्ही गोल झाल्यासारखे ओरडलो आणि दादाला खांद्यावर घेतलं. वरूनच त्याने विचारलं, "म्हणजे आज खेळायचं ना?" वकील चष्मा पुसत राहिले. "नाही भैया. दोन्ही पार्ट्यांना आत जायला मनाई आहे. फाटकाला कुलूप लागेल." दादा हळूच खाली उतरला. "अन् गवत?" तो म्हणाला, "ते तर वाढूनच राहिलं." खटला अजून चालूच आहे. परवा आम्ही दोघं तिकडून जात होतो, तेव्हा दादा थांबला आणि फाटकाच्या सळ्यांतून हात घालून म्हणाला, "ती बघ, आपली गोलरेषा." मला छातीएवढं गवत दिसलं.