मोरचुदाची निळाई

माझ्या चुलत सासऱ्यांनी मला कधी साधेपणाने चकित केले नाही. ते थेट हादरवूनच सोडत. लग्नानंतर पेडगावच्या त्यांच्या रोपवाटिकेत मी पहिले पाऊल टाकले आणि गर्जना झाली, "सूनबाई, चप्पल! बाळंतिणीच्या खोलीत चप्पल घालून येतेत का?" मी भांबावून बाळंतीण शोधू लागले. समोर ओल्या वाळूत नुकत्याच खोचलेल्या गुलाबाच्या काड्या होत्या. त्यांना बुरशी शिवू नये म्हणून काका जे करीत, ते पोटच्या लेकरांसाठीही त्यांनी केले नसावे. काकू तापाने फणफणल्या तरी यांचे एकच, "काढा घे. हिकडं माझ्या काड्यांचं बूड काळं पडायलंय!" मोरचूद आणि चुना मातीच्या रांजणात कालवून ते आभाळाच्या रंगाची दवा करीत. ती जमली का हे पाहायला लोखंड बुडवावे लागे, आणि लोखंड म्हणजे माझी विळी. भेंडी अर्धी चिरलेली असताना विळी नाहीशी होई आणि तांबूस झालेले पाते मिरवीत काका दारात उभे राहत, "लाल झाली बघ. चुना कमी पडला."

त्याच वर्षी चारठाण्याला माझी आई गेली. तिच्या दारातला गावठी गुलाबही वाळत चालला होता. त्याच्या उरल्यासुरल्या हिरव्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून मी काकांच्या स्वाधीन केल्या. थोड्याच दिवसांत एक सोडून साऱ्या बुडाशी कुजल्या. हे कळले त्या सकाळी मी वाटिकेत धावले. आईने दिलेले, विहारात वंदनेला नेसायचे माझे पांढरेशुभ्र पातळ दोरीवरून उतरवून रांजणाच्या तोंडाला बांधले होते, आणि काका त्यातून निळी दवा गाळत होते.

"काका! माझं पातळ!"

"मऊ कापड लागतंय. न्हाई तर झारीचं तोंड बुजतंय."

"आणि वंदनेला काय नेसू?"

"हेच नेस. पांढरं बी झालं, निळं बी. जयंतीच्या मिरवणुकीत असं कुणाचंच न्हाई!"

मी त्यांच्याशी बोलणेच टाकले. मग एके दिवशी त्यांनीच हाक मारली. आवाज कधी नव्हे तो इतका हळू, की मी पुन्हा हादरले. "सूनबाई, चप्पल काढून ये. तुझी माय आली हाय." त्या एकट्या काडीला नखाएवढा तांबूस कोंब फुटला होता.

काका आता नाहीत. ते पातळ नेसले की निळ्या डागांतून मोरचुदाचा तुरट वास येतो, असे मला उगीच वाटते. आणि गुलाबापाशी जाताना चपला अजूनही दाराशीच राहतात.